खणाखणाने वाढणारे घर

(यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्यात बियाण्यावर, खतावर आणि बोंडअळीवर बोलणारे पुष्कळ असतात. मी आज घरावर बोलणार आहे. पेरणी चुकली तर एक हंगाम हातचा जातो. घर चुकले तर पुढची तीस वर्षे ते सोसत राहावे लागते. तरीही बियाण्याची पिशवी घेताना आपण चार जणांना विचारतो आणि घराचा पाया मात्र मिस्त्री म्हणेल तसा खोदून मोकळे होतो.

मागे हिवाळ्यात घाटंजीकडच्या एका गावी गेलो होतो. नवे घरकुल, दोन खोल्या. एका खोलीत आढ्यापर्यंत कापूस. दुसऱ्या खोलीत एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात फवारणीचा पंप, त्याच्या शेजारी औषधाची अर्धी बाटली आणि मध्ये पाच माणसे. मुलगी कापसाच्या गाठोड्याला टेकून अभ्यास करीत होती. घरधनी म्हणाला, "साहेब, घर तं पक्कं झालं, पन आता बसाचं कुठी?"

त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच आज उभा आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. घर लहान आहे हा त्याचा दोष नव्हे. पैसा थोडा, गावठाणातली जागा थोडी, तेव्हा घर लहानच असणार. दोष असा, की ते घर शेतकऱ्याचे आहे हे बांधताना कोणी लक्षात घेतले नाही आणि पुढे ते कोठून वाढेल याचा विचार केला नाही.

खण म्हणजे काय?

आपल्या जुन्या लोकांना ही विद्या येत होती. ते घर चौरस फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. लाकडी खांबांच्या दोन ओळी, त्यांवर तुळया, आणि दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. ऐपत असेल तसे कोणी तीन खणांचे घर बांधी, कोणी पाच खणांचे. मुलाचे लग्न झाले, पीक चांगले आले, की शेजारी आणखी एक खण जोडायचा. जुने घर पाडायचे काम नाही. समोर सपरी, मागे न्हाणी, बाजूला बैलांचा कोठा. खण वाढला तरी घराची रीत तीच राहत असे.

सिमेंट आले, स्लॅब आला आणि ही रीत विसरली गेली. आता चौकोनी डबा बांधला जातो. एका बाजूला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला नाली आणि तिसऱ्या बाजूला शौचालयाचा खड्डा. वाढायला वाव कोठेच उरत नाही.

दोन उदाहरणे

पहिले उदाहरण आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातले. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले. त्या गावाचे नाव पुढे सेवाग्राम झाले. तेथील बापू कुटी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. माती, बांबू, लाकूड, कवेलू, सारे आपल्या ओळखीचे सामान. ही कुटी मुळात मीराबेन यांच्यासाठी उभारलेली होती. गांधीजी तेथे राहायला आले तेव्हा गरजेप्रमाणे तिच्यात भर घातली गेली. जानेवारी १९३७ मध्ये त्यांनी 'हरिजन'मध्ये आदर्श खेड्याचे वर्णन केले. घरात भरपूर उजेड आणि हवा असावी, घराचे सामान पाच मैलांच्या आतले असावे आणि अंगणात भाजीपाला व जनावरे यांना जागा असावी, असा त्याचा आशय आहे. यातली अंगणाची अट महत्त्वाची. शेतकऱ्याचे घर भिंतीपाशी संपत नाही, ते अंगणाच्या कुंपणापाशी संपते.

दुसरे उदाहरण दुःखाचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांना बांधून धरणारे काही नाही आणि वर मातीच्या धाब्याचे ओझे. त्याखाली माणसे झोपेतच गाडली गेली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० आणि त्याहून मोठ्याला ७५० चौरस फुटांचे घर देण्यात आले. घरे पक्की होती. पण बैल कोठे बांधायचे, कडबा कोठे ठेवायचा, बायकांनी दळणकांडण करीत कोठे बसायचे, याची सोय आराखड्यात पुरेशी नव्हती. लोकांनी मग आपल्या हाताने अंगणात शेड, ओसऱ्या आणि गोठे उभे केले. यातून दोन धडे घ्यायचे. छप्पर हलके ठेवा आणि भिंतींना चारही बाजूंनी पट्टा बांधा, हा पहिला. शेतकऱ्याचे घर आज ना उद्या वाढणारच, तेव्हा ते कोणत्या बाजूला वाढेल हे आधीच ठरवा, हा दुसरा.

आता आपल्याकडे या. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाली, तेव्हा इंदिरा आवासमधील २० चौरस मीटरची किमान मर्यादा २५ चौरस मीटर करण्यात आली. म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, तेही स्वयंपाकाची जागा धरून. सपाट भागासाठी मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये ठेवले गेले. कोलाम बांधवांसाठी नोव्हेंबर २०२३ पासून पीएम जनमन अभियान आले; त्यात घरासाठी २ लाख रुपये धरले गेले. रक्कम व अटी वेळोवेळी बदलतात. ग्रामपंचायतीत नक्की माहिती घ्या. त्या २७० फुटांत काय साधता येते, ते आता पाहू.

तीन खणांची मांडणी

प्रत्येक खण नऊ फूट रुंद आणि दहा फूट खोल धरा. असे तीन खण एका ओळीत, पूर्व-पश्चिम. एकूण लांबी २७ फूट, क्षेत्रफळ २७० चौरस फूट.

१) पूर्वेचा खण स्वयंपाकाचा. सकाळचे ऊन येथे येते, ओल राहत नाही. पावसाळ्यातला वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, त्यामुळे धूर घरात न शिरता पलीकडे जातो.

२) मधला खण बसण्याउठण्याचा व झोपण्याचा. समोरासमोर दोन खिडक्या ठेवा, एक उत्तरेला व एक दक्षिणेला. एकच खिडकी असली तर हवा आत येते, पण खेळत नाही.

३) पश्चिमेचा खण कापसाचा व धान्याचा. दुपारनंतरचे ऊन याच भिंतीवर पडते. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ती झळ कोठाराने सोसायची, माणसांनी नाही. या भिंतीला खिडकी नको, फक्त वर जाळीचे झरोके.

कोठाराचे दार बाहेरून, अंगणातून ठेवा. गाडी थेट दाराशी लागते, गाठोडी राहत्या खोलीतून न्यावी लागत नाहीत. २०२२-२३ च्या हंगामात भाव वाढेल या आशेने कित्येकांनी महिनोन्‌महिने कापूस घरात ठेवला. तसा कापूस राहिला की अंगाला खाज सुटते, लहान मुले रात्र रात्र रडतात, हे आपल्याला सांगायला नको. कापूस आणि अंथरूण यांच्यात पूर्ण उंचीची भिंत हवीच.

हंगाम संपला की कोठार झाडून चुना मारा. उन्हाळ्यात लग्नाचे पाहुणे त्याच खणात झोपतील. एकच जागा दोन कामे करते, म्हणून लहान घर पुरते.

जागा पूर्व-पश्चिम लांब नसेल तर दिशा बदला, पण एक नियम मोडू नका: चूल आणि कापूस यांच्यामध्ये राहता खण असलाच पाहिजे. एक ठिणगी वर्षाची कमाई नेते, आणि आत माणसे झोपलेली असतात.

समोर सहा फूट रुंदीची सपरी काढा. रस्ता ज्या बाजूला असेल तिकडे ती येईल; पण निवड करता येत असेल तर दक्षिणेला काढा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, तेव्हा सपरीत ऊन येते. उन्हाळ्यात तो डोक्यावर असतो, तेव्हा सावली राहते. आपले निम्मे जगणे सपरीतच होते. तिला वरचा खर्च समजू नका.

आत भिंतींत कोनाडे ठेवा, म्हणजे लाकडी कपाटाची जागा वाचते. कोठारात सात फुटांवर बांबूचा माळा टाका. बाज दिवसा उभी करून ठेवता येते, दिवाण ठेवता येत नाही. हेही घर घेण्याआधी ध्यानात असू द्या.

औषधाचे कपाट आणि न्हाणी

बंधूंनो, २०१७ चा खरीप आपण विसरू शकत नाही. फवारणीच्या विषबाधेने त्या हंगामात एकट्या आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली आणि शेकडोंना दवाखान्यात दाखल करावे लागले. त्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांवर इतर तज्ज्ञ बोलतील. घराच्या आखणीतून जेवढे करता येते, तेवढे मी सांगतो.

न्हाणीचे दार अंगणातून ठेवा. फवारणी करून आलेला माणूस आधी न्हाणीत जाईल, कपडे तेथेच वेगळ्या बादलीत टाकील, साबणाने अंग धुईल आणि मगच उंबरा ओलांडील. दार घराच्या आतून असले तर तेच कपडे घालून तो स्वयंपाकाच्या जागेवरून जातो.

कीटकनाशके राहत्या खणात नकोत आणि धान्याच्या खणातही नकोत. न्हाणीच्या मागच्या भिंतीत, बाहेरून उघडणारे, लोखंडी दाराचे कुलूपबंद कपाट करा. ते मुलांच्या हाताला न लागेल इतके उंच असावे आणि जनावरांच्या चाऱ्यापासून दूर असावे. किल्ली घरात एका जबाबदार माणसाकडे द्या. एक अवघड गोष्ट बोलतो, क्षमा असावी. आपल्या जिल्ह्यात निराशेच्या एका घटकेने कितीतरी घरे उघडी पडली आहेत. त्या घटकेला विष हाताशी नसले, मध्ये एक कुलूप आणि एक माणूस असले, तर ती घटका टळू शकते. या कपाटाला खर्च फार येत नाही. ते टाळू नका.

न्हाणीचे पाणी पायापाशी मुरू देऊ नका आणि विहिरीकडे किंवा भाजीच्या वाफ्याकडेही सोडू नका. शोषखड्डा भिंतीपासून किमान दहा फूट, आणि विहीर किंवा हातपंपापासून किमान पन्नास फूट दूर असावा.

काळी जमीन आणि पाया

आपली काळी जमीन कापसाला चांगली, घराला वाईट. पाण्याने ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या फुगण्या-आकसण्याने भिंत तडकते. मिस्त्री सिमेंट भरून तडा बुजवतो आणि पुढच्या मृगात तो पुन्हा उघडतो.

मुरूम तीन-चार फुटांवर लागत असेल तर पाया मुरुमापर्यंत न्या. काळी माती काढून टाका. तीच पुन्हा पायात भरू नका, मुरूम भरून पाणी मारत ठोका. काळी माती फार खोल असेल, तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने यासाठी वेगळी पद्धत काढलेली आहे. सुमारे साडेतीन मीटर खोल भोक घेऊन तळाशी ते अडीचपट रुंद करतात व काँक्रीट भरतात. अशा खांबांवर तुळई टाकून तिच्यावर भिंत उभी करतात. तुळईखाली थोडी पोकळी सोडतात, म्हणजे माती फुगली तरी वर रेटत नाही. याला अभियंत्याचा सल्ला मात्र घ्यावाच लागेल.

पाया कोणताही असो, घराभोवती तीन फूट रुंदीची उतरती फरशी करा. छपराचे पाणी पन्हाळीने गोळा करा. २५ चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटरचा एक पाऊस झाला, की गळती-सांड वजा जाता हजार लिटर पाणी हाती येते. पाणी कामाला येते आणि पायाही कोरडा राहतो.

भिंती आणि छप्पर

भिंतींसाठी एकच सामान सर्वांना योग्य, असे नाही. वाहतूक धरून हिशेब करा.

१) विटा घेत असाल तर मिस्त्रीला 'रॅट ट्रॅप' बांधणी येते का विचारा. विटा काठावर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवतात. सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे भिंत कमी तापते. केरळात काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ही पद्धत आपल्या देशात रुजवली.

२) मातीच्या दाबलेल्या विटा करायच्या तर निव्वळ काळी माती चालत नाही. पांढरी माती किंवा बारीक मुरूम मिसळून त्यात पाच ते आठ टक्के सिमेंट घाला. आधी दहा विटा करून त्या वाळवा आणि पाण्यात ठेवून पाहा. विरघळल्या नाहीत तर पुढे जा.

३) कुडाची भिंत मागासलेली समजू नका. कोलाम पोडावरची कुडाची घरे वैशाखात किती थंड असतात, ते दुपारी आत बसून पाहावे. तिचे दोष म्हणजे वाळवी, उंदीर, आग आणि दर वर्षीचे लिंपण. यावर उपाय असा, की खालचे दोन-तीन फूट दगडाचे किंवा विटांचे जोते घ्या आणि वर बांबूचा कूड घाला. स्वयंपाकाच्या खणाला मात्र विटांचीच भिंत हवी. बांबूच्या गाठींना आरपार भोक पाडून तो बोरिक ॲसिड व बोरॅक्स यांच्या पाच टक्के द्रावणात (प्रमाण एकास दीड) आठवडाभर बुडवा व सावलीत वाळवा. हे काम हातमोजे घालून करावे. उरलेले द्रावण जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये.

२०१७ च्या अखेरीस वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला. तेव्हा बांधावर चार-पाच बेटे लावा. आज लावलेला बांबू चौथ्या खणाच्या वेळी कामाला येईल.

छप्पर टिनाचे असेल तर खाली बांबूच्या टट्ट्याची छत करा. टिन व टट्टा यांच्यामध्ये किमान अर्धा फूट पोकळी सोडा आणि दोन्ही टोकांना जाळी लावा, म्हणजे गरम हवा निघून जाते. स्लॅब असेल तर दर फाल्गुनात वरून चुना मारा. वर्ध्याजवळच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावरच्या शंकूसारख्या नळ्या एकीत एक बसवून कमानीचे छप्पर करून दाखवले आहे. सळई व लाकूड दोन्ही वाचते. जाणकार कारागीर असेल तरच ते करावे. पण वर्ध्याला जाल तेव्हा पाहून या.

चौथ्या खणाची तयारी

घर पश्चिमेकडे वाढेल असे आजच ठरवा. तिकडे नऊ-दहा फूट जागा मोकळी ठेवा. शौचालयाचे खड्डे, पाण्याची टाकी यांपैकी काहीही तेथे करू नका.

आढे पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे नवे छप्पर त्याच रेषेत पुढे नेता येते. कोठाराच्या पश्चिम भिंतीत, आणि कोठार व मधला खण यांच्यामधल्या भिंतीतही, दाराएवढ्या जागेवर आजच लिंटेल टाका. खालची जागा मातीच्या चुन्यात नव्हे, साध्या मातीच्या गाऱ्यात विटा रचून बंद करा. पुढे दार काढायचे तर त्या विटा हाताने निघतील, भिंत फोडावी लागणार नाही. नव्या खणाच्या भिंती जुन्या भिंतीत गुंतवू नका, मध्ये अर्धा इंच सांधा सोडा. जुना पाया बसलेला असतो, नवा बसायचा असतो. दोघांना एकत्र बांधले तर काळी जमीन तडा पाडणारच.

नवा खण आला की कापूस तिकडे जाईल आणि आजचे कोठार सुनेची किंवा शिकणाऱ्या मुलीची खोली होईल. पश्चिमेच्या टोकाला नेहमी कोठार, पूर्वेला नेहमी चूल आणि मध्ये माणसे. खण तीन असोत की पाच, क्रम बदलत नाही.

शेवटी एक काम सांगतो

पाया खोदण्याआधी एक दिवस काढा. पायलीभर चुना घ्या आणि जागेवर हे तीन खण, सपरी, न्हाणी आणि कोठा प्रत्यक्ष आखा. आखलेल्या जागेत बाज ठेवा, ढोली ठेवा, चुलीच्या जागी दोन विटा मांडा. बैलगाडी कोठारापर्यंत आणून पाहा, वळते की नाही. मग घरातल्या बाईला सरपणाचा भारा आणि पाण्याचा हंडा घेऊन त्या रेषांमधून चालायला सांगा. ती जेथे अडखळेल तेथे रेषा पुसा आणि नव्याने काढा. घरात सर्वांत जास्त वावर तिचा असतो, पण आखणीच्या वेळी तिला क्वचितच कोणी विचारतो. चुन्याची रेषा पुसायला पायाचा तळवा पुरतो. भिंत बांधून झाल्यावर ते होत नाही.

सुरुवातीला ज्यांची गोष्ट सांगितली, त्या घरी आम्ही दुपारभर बसून आखणी केली. मागे नऊ फूट जागा होती. तेथे बांबू आणि टिनाचा एक खण कापसासाठी निघाला, औषधाचे कपाट बाहेर गेले आणि मधली खोली माणसांना मिळाली. जुने घर असेल तरी हे करता येते. आपल्याही घरामागे किंवा बाजूला अशी जागा आहे का, ते आज परत गेल्यावर पाहा.